गार हात

तान्ह्या बाळाला थंडीत पिशवीत झोपवायचं की गोधडीत, यावरून माझं आणि सासूबाईंचं एका हिवाळ्यात जे वाजलं, ते आज कुणाला सांगितलं तर लोक हसतील. भांडायला तुम्हाला तेवढाच विषय उरला होता का, असं विचारतील. तर हो, तेवढाच उरला होता. बाकी सगळ्या बाबतींत आम्ही दोघी फार समजूतदारपणे वागत होतो, कारण एका गोष्टीबद्दल दोघींनीही दोन वर्षं अवाक्षर काढलं नव्हतं. ती गोष्ट म्हणजे माझी पहिली मुलगी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझा नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होता आणि आम्ही तिथल्याच वसाहतीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. केंद्रातल्या कोळशाची राख वाऱ्याबरोबर येऊन दोरीवरच्या कपड्यांवर बसायची. लंगोट झटकल्याशिवाय घरात आणायचा नाही, हे वसाहतीत आल्याबरोबर शेजारणी शिकवायच्या. मी नाशिकरोडला प्राथमिक शाळेत शिकवत होते. सासरे गेल्यावर सासूबाई देवळ्याजवळच्या गावाहून आमच्याकडे कायमच्या आल्या, त्या कांद्याचं पोतं आणि जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन. कांदे संपले. लुगडी पुरली.

मुलगी श्रावणात माझ्या माहेरी झाली. दिवाळीनंतर तिला घेऊन मी घरी आले तेव्हा तिच्यासाठी गोधडी तयार होती. लुगड्याचे थरावर थर, बारीक टाके, हातात घेतली की वजन कळायचं. सासूबाईंचा टाका असा की वसाहतीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. मीही कौतुक केलं आणि ते मनापासून केलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मुलगी गेली. नवरा रात्रपाळीहून यायचा होता. ती रात्रभर किरकिरली होती, म्हणून पहाटे माझा डोळा लागला तो चांगलाच लागला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं, मोरीजवळ सासूबाईंचा बंब पेटलेला होता आणि माझ्या शेजारी मुलीच्या डोक्यावरून गोधडी होती. ती मी ओढली. पुढचं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

डॉक्टर म्हणाले, तान्ह्या मुलांचं असं होतं कधी कधी, कारण सापडत नाही. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, तिचं आयुष्यच तेवढं. मी सगळं ऐकून घेतलं. पण झोपण्यापूर्वी मी गोधडी तिच्या काखेपर्यंतच घातली होती आणि कडा खाली दाबल्या होत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढ्याशा जिवाला ती जड गोधडी डोक्यावर ओढून घेता येत नाही. घरात मोठी माणसं दोनच, त्यातली एक झोपलेली. यापुढचं गणित सोडवायला शिक्षिका असावं लागत नाही.

ते मी मनातल्या मनात सोडवलं आणि तिथेच ठेवून दिलं. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगून काय विचारणार होते, आईला घराबाहेर काढता का म्हणून? शिवाय त्या गणितात माझी झोपही होती. ती कुणी मोजली असती तर मला सोसलं नसतं.

त्यानंतर घर सुरळीत चाललं. स्वयंपाक होत होता, सणवार होत होते. सासूबाईंमध्ये एकच फरक पडला, तो म्हणजे पुढच्या हिवाळ्यात त्यांनी पांघरूण घेणं बंद केलं. आमच्याकडे पौषात दात वाजतात, दारोदार शेकोट्या पेटतात. अशा थंडीत त्या सतरंजीवर अंगाचं मुटकुळं करून नुसता पदर लपेटून झोपायच्या. नवऱ्याने नवी सोलापुरी चादर आणली, तिची घडी करून त्यांनी ती उशाला घेतली. विचारलं तर एवढंच म्हणायच्या, "सोडलंय." आता म्हाताऱ्या बायका काय काय सोडतात. कुणी तीर्थाला जाऊन वांगं सोडतं, कुणी चातुर्मासात कांदा. देवळ्याकडच्या बाईला कांदा सोडणं जड, म्हणून पांघरूण सोडलं असेल, असं मी माझ्या बहिणीला हसत हसत सांगितलंही होतं. आतून मात्र मला त्या हट्टाचा रागच यायचा.

मग मला पुन्हा दिवस गेले आणि गणपतीच्या सुमाराला मुलगा झाला. सासूबाईंनी या वेळी आधी काहीही शिवलं नाही. एक मूल दगावलं की पुढच्याला मागून आणलेले कपडे घालतात, म्हणून त्या वसाहतभर हिंडून जुनी झबली गोळा करत होत्या. समोरच्या क्वार्टरमधल्या मुसलमान बाईंची पाचही मुलं ठणठणीत, तर त्यांच्याकडून दोन झबली जास्तीची आणली.

दिवाळीत माझी थोरली बहीण आली. ती यजमानांच्या नोकरीपायी जर्मनीत राहून आली होती. तिने बाळासाठी झोपायची पिशवी आणली. वरून बिनबाह्यांच्या झबल्यासारखी, खाली बंद, आत कापसासारखं काहीतरी भरलेलं आणि पुढे गळ्यापासून पायापर्यंत चेन. हात बाहेर, बाकी सगळं बाळ आत.

"तिकडे थंडीत मुलं यातच झोपतात," बहीण म्हणाली. "वरून काही घालावंच लागत नाही. त्यामुळे तोंडावर काही..." आणि वाक्य तिथेच सोडून ती चेन वर-खाली करून दाखवू लागली. तिलाही मी काही सांगितलेलं नव्हतं. पण सख्ख्या बहिणीला न सांगता बरंच कळतं.

मी ती पिशवी उराशी धरली. एखादी वस्तू पाहून इतकं सुटल्यासारखं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

वसाहतीतल्या बायका पिशवीतलं बाळ बघायला आल्या. एक म्हणाली, "लेकराला पार्सल केलंत की बाई." दुसरी म्हणाली, "तिकीट लावायचं राहिलंय." मी पोट धरून हसले. फार दिवसांनी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या चेनवरून बोट फिरवत होत्या. त्या रागावल्या की तोंडात माहेरची अहिराणी यायची.

"काय शे त्या थैलीमा?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "हात उघडेच राह्यले. गार पडतील लेकराचे."

"तान्ह्यांचे हात गारच असतात, आई. मी डॉक्टरांना विचारलंय. मानेला हात लावून बघा, गरम आहे."

"डॉक्टरला काय, त्यो त्याच्या घरी जातो."

चार दिवसांनी त्यांनी लुगड्यांचं गाठोडं सोडलं. त्यातलं सगळ्यात मऊ लुगडं काढून फाडलं, थर घातले आणि गोधडी शिवायला बसल्या. "पिशवी आहे ना, आई," मी म्हणायचे. "असू दे," त्या म्हणायच्या आणि दोरा ओवायच्या. नवरा म्हणाला, आईने एवढी शिवलीच आहे तर एकदा घाल, काय बिघडतं? मी त्याला म्हटलं, तुम्ही यात पडू नका. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो पडला नाही.

मी मुलाला त्यांच्याजवळ एकटं ठेवेनाशी झाले. अंघोळीला जाताना त्याला टोपलीत घालून मोरीच्या दाराशी ठेवायचे आणि दार उघडं टाकून चार तांबे अंगावर ओतून घ्यायचे. सासूबाईंनी ते पाहिलं. पण दिवसातून दहादा त्या पाळण्यापाशी येऊन उभ्या राहायच्या, बाळाच्या बोटांना बोट लावायच्या आणि म्हणायच्या, "हात गार हायेत." तेच वाक्य. पुढे पुढे ते नुसतं ऐकलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची.

पौषातली एक दुपार होती. दिवसभर ऊन पडलं नव्हतं आणि बोचरं वारं सुटलं होतं. मी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे झटकून खांद्यावर टाकले आणि घरात आले, तर सासूबाई पाळण्यापाशी उभ्या. हातात शिवून झालेली गोधडी, दोन टोकांनी धरलेली.

"ठेवा ती खाली," मी म्हणाले.

"हात लय गार हायेत गं त्याचे."

"तिचेही गारच होते ना? म्हणूनच घातली होती ना तिच्यावर, डोक्यावरून?"

हे वाक्य मी दोन वर्षं भिंतीशी बोलले होते. प्रत्येक वेळी ते मनात ओरडून म्हटलं होतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा आवाज अगदी लहान निघाला.

सासूबाईंनी गोधडीची घडी घातली आणि त्या जमिनीवर बसल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पहाटचं बंब पेटवाया उठले. तिच्या हाताला हात लागला, तर बर्फावानी. तू दमलेली, म्हटलं, हिला कशाला उठवू. वर ओढली अन् गेले. किती वर गेली, ते अंधारात पाहिलं नाय मी."

मी कपडे खांद्यावर घेऊन तशीच उभी होते.

"तू गोधडी ओढली तवा मी दारात व्हते. तुझं तोंड पाहिलं. म्हटलं, हिला कळलं. आता बोलंल. आज नाय तर उद्या बोलंल, नवऱ्याला सांगंल. लय वाट पाहिली मी. तू बोललीच नाय."

"आणि तुमचं पांघरूण?"

"ते कसं घेऊ? अंगाला ऊब आली का तीच आठवती."

"मग ही कशाला शिवलीत?"

"आजीनं शिवायची असती म्हणून शिवली. पण घालायचा धीर नाय मला. रोज घेऊन उभी राहती अन् परत ठेवून देती. तुला वाटलं तर तू घाल, नायतर राहू दे."

इथे मी त्यांना मिठी मारली असं लिहिलं तर बरं दिसेल. मी मारली नाही. माझा राग होता तिथेच होता. पण इतके दिवस तो ज्या हट्टी, बेदरकार बाईवर होता, ती बाई घरात नव्हतीच. घरात होती ती माझ्या एका वाक्याची वाट बघत दोन हिवाळे कुडकुडणारी म्हातारी. गोधडीनेच मुलगी गेली की तिला आतून आणखी काही झालं होतं, हे मला आजही माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. आणि हे सासूबाईंना सांगणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"कशाने गेली ते कुणालाच ठाऊक नाही, आई," मी म्हणाले. "मला राग आहे. फार राग आहे. पण ठाऊक मलाही नाही."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. मग बाळ जागं झालं आणि आम्हाला दोघींनाही उठावं लागलं.

त्या दिवसापासून गोधडी बाळाच्या अंगाखाली गेली. ताणून घातलेली, चारी बाजूंनी दाबलेली, आणि तिच्यावर पिशवीत बाळ. चेन लावताना हनुवटीखाली बोट धरायचं, म्हणजे कातडी अडकत नाही, हे मी सासूबाईंना शिकवलं. त्या श्वास रोखून चेन वर न्यायच्या. बाळाचे हात गार लागले की ते आपल्या तळव्यांमध्ये धरून पाळण्याशी बसून राहायच्या. वर काही घालायच्या नाहीत.

नव्या वर्षात माझी वाढवून घेतलेली रजाही संपली. मुलाला त्यांच्याकडे ठेवून मी शाळेत जायला लागले. पहिल्या दिवशी बसमध्ये मला सुटे पैसे मोजता येईनात. वर्गात मुलं पाढे म्हणत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे पाळणा होता. घरी आले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या, मुलाला कडेवर घेऊन, मला लांबूनच दिसावा अशा.

संक्रांतीला बोरन्हाण केलं. मुलाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि हलवा ओतला, वसाहतीतली पोरं वेचायला तुटून पडली. पहिली मुलगी जेवढी जगली त्याहून तो मोठा झाला होता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघीही ते बोललो नाही. त्याच्या अंगात काळं झबलं होतं. ते मागून आणलेलं नव्हतं. सासूबाईंनी नवं कापड आणून शिवलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात त्या तापाने पडल्या. अंग फणफणलं होतं, हुडहुडी थांबत नव्हती आणि तरी सतरंजीवर तसंच मुटकुळं, तसाच पदर. मी त्यांच्या उशाची सोलापुरी चादर ओढून काढली. इतक्या दिवसांची घडी, मोडता मोडेना.

"नको," त्या म्हणाल्या. "सोडलंय."

"माहीत आहे."

मी चादर त्यांच्या पायांवर घातली आणि हळूहळू वर आणली. छातीपाशी आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"वर नको ओढू."

"नाही ओढत. हात बाहेर ठेवा."

त्यांनी दोन्ही हात चादरीवर ठेवले. मी चादर काखांखाली दाबली आणि त्यांच्या बोटांना बोट लावलं. गार होती. मग ते हात माझ्या तळव्यांत घेतले आणि त्यांना झोप लागेपर्यंत बसून राहिले.