विकतच्या नानकटाया

आमच्या मंडळाचा नियम एकच होता. पुस्तक विकतचं चालेल, सोबतचं खाणं मात्र घरी भाजलेलं हवं. नियम माझाच. मंडळ म्हणजे आम्ही पाचजणी, एकाच गल्लीतल्या. गाव कोणतं ते सांगत नाही, लाखनीच्या अलीकडे की पलीकडे तेही नाही. काही खुणाही मुद्दाम बदलल्या आहेत. का ते पुढे कळेल.

दसरा उलटला की आमच्याकडची हवा जरा माणसात येते. दुपारी ऊन असतंच, पण संध्याकाळी पिकलेल्या धानाचा वास घेऊन वारा सुटतो आणि ओव्हनपाशी उभं राहायला नको वाटत नाही. उन्हाळ्यात ओव्हन लावायचा म्हणजे स्वतःलाच भाजून घेणं. म्हणून आमचं मंडळ दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. दर पंधरवड्याला एक रहस्यकादंबरी, तीही सौम्य जातीची. खून होतो, पण रक्त दिसत नाही. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि छडा लावणारी एखादी निवृत्त बाई, जिला पोलिसांपेक्षा जास्त कळतं. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तोंडात काय हवं ते पुस्तकावरून ठरायचं. डोंगरावरच्या बंगल्यातल्या खुनाला लाल कोहळ्याचा, गूळ घातलेला केक. तळ्यात प्रेत सापडतं त्या पुस्तकाला शिंगाड्याच्या पिठाची बिस्किटं, कारण शिंगाडेही तळ्यातूनच निघतात. हा विनोद मी केला होता आणि त्यावर फक्त मीच हसले होते.

मी शाळेत गणित शिकवते. खुनी कोण ते मला निम्म्या पुस्तकातच कळतं आणि कळलं की गप्प बसवत नाही. बाकीच्याजणी वैतागायच्या. काकू मात्र म्हणायची, "तुह्यं डोकं भारी चालते व बाई." काकू म्हणजे माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, वयानं माझ्या आईएवढी. गल्लीतला पहिला ओव्हन तिचा. तूप-साखर हातानं फेसून फेसून ती पांढरी करायची, आणि प्रत्येक नानकटाईवर अंगठा दाबायची. अंगठा जरा वाकडा होता, म्हणून खळगाही वाकडा यायचा. त्या खळग्यात चारोळी बसवायची. भाजायला लागली की तुपाचा वास भिंत ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात, आणि पाठोपाठ बशीही.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी खाणं आणायची पाळी काकूची होती. बैठक माझ्या घरी. पुस्तक असं, की शेवटी ती हुशार बाई सगळ्यांना दिवाणखान्यात बसवते, एकेक पुरावा मांडते आणि गुन्हेगाराकडे बोट दाखवते. वाचून संपलं. काकूनं डबा उघडून सगळ्यांना वाटल्या आणि आपण चहाचा कप घेतला. सगळ्या नानकटाया एका मापाच्या, एका रंगाच्या, आणि एकीवरही अंगठा नाही.

माझ्या अंगात वारं शिरलं.

"काकू, ह्या तुमी केल्या?"

"हो व. काहून?"

"मंग तुमचा अंगठा कुठं गेला?"

बाकीच्या खुदकन हसल्या. मग मी थांबलेच नाही. उभी राहिले, पुस्तकातल्या बाईसारखी. म्हणाले, चार दिवसांपासून भिंतीपलीकडून तुपाचा वास आला नाही. काल तुमच्याकडे विरजण मागायला आले तेव्हा ओव्हनवर फडकं होतं आणि फडक्यावर धूळ. आणि ह्यातली एक तरी तुम्ही स्वतः खाल्लीत का? सगळ्यांना देताय, आपण नुसता चहा पिताय. काकूची चुलत जाऊही आमच्यातच असते. तिनं तर टाळ्या वाजवल्या.

काकूनं डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "बरोबर हाये तुह्यं. बेकरीतल्या हायेत. मले आता होत नाई."

एवढ्यावर सोडायला काय हरकत होती? पण मला राग आला होता, खरा राग. नियम मोडला होता, आणि तोही मला फसवून. वर्गात कॉपी पकडल्यावर येतो तो आवाज माझ्या तोंडून निघाला. "होत नाई तं तसं सांगाचं ना. घरच्या म्हनून काहून खपवल्या?"

"चुकलं माह्यं," काकू म्हणाली.

माझ्या आईच्या वयाची बाई चारचौघींत "चुकलं" म्हणाली, आणि मला आनंद झाला. हे लिहिताना हात जड होतोय, पण झाला होता आनंद. रात्री नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "बेकरीवाल्याचं नशीब, तुझ्या तावडीत नाही सापडला." मला ती स्तुतीच वाटली.

पाडव्याला मी काकूकडे फराळाचं ताट घेऊन गेले. दरवर्षी नेते, पण यंदा सगळ्यांत वर माझ्या हातच्या नानकटाया रचल्या होत्या. टोमणाच होता तो, दुसरं काय. काका वावरात धान कापणी बघायला गेले होते. काकू मागच्या अंगणात भांडी घासत होती.

"एक तरी खा काकू. माह्याच हातची हाये, खात्रीची."

"ठेव. ह्यांले देईन. मी यंदा गोड खात नाई."

"काहून? शुगर निघाली काय?"

"नाई व." हातातलं भांडं धुऊन तिनं उपडं ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माहा भाऊ गेला. तान्ह्या पोळ्याले. ह्यांनी मले मातीलेबी जाऊ देल्लं नाई."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा, त्याला दोन महिने होऊन गेले होते. मातीला जाणं म्हणजे शेवटचं तोंड बघणं. तेही तिला मिळालं नव्हतं. तिचं माहेर सानगडीकडचं, असं समजा. काकूच्या लेकीच्या लग्नात मामाचा मान द्यायचा राहून गेला, म्हणून भाऊ जेवत्या पानावरून उठून गेला होता, आणि त्या दिवशी काकांनी सांगून टाकलं होतं की त्या घरचं नाव ह्या घरात निघायचं नाही. ते भांडण गल्लीला माहीत होतं. भाऊ गेल्याचं कोणालाच माहीत नव्हतं. तिला फोनवर कळलं होतं. फोन ठेवून ती काकांच्या पोळ्या लाटायला बसली होती.

"ह्या घरात कोनाले सुतक नाई," ती म्हणाली, "मंग मीच धरलं. वर्ष होतवरी माह्या हातानं गोड करनार नाई, खानार नाई. ह्यांले सांगतलं, गुडघे दुखतात, फराळ विकतचा आना."

आमच्याकडे ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी पहिल्या दिवाळीला गोडधोड करत नाहीत. शेजारीपाजारी फराळ पोचवतात. मी ह्याच जिल्ह्यात जन्मले, इथंच नांदते. अशी ताटं मीच कितीतरी घरी नेली आहेत. थंड पडलेला ओव्हन, न आलेला तुपाचा वास, दुसऱ्याला देऊन आपण न खाणारी बाई. ह्या खुणा बघून गल्लीतल्या कोणत्याही अडाणी म्हातारीनं आधी विचारलं असतं, कोण गेलं? मी विचारलं, अंगठा कुठं गेला. एकही पुरावा माझ्या नजरेतून सुटला नव्हता, आणि मी त्यांतून चोरी शोधून काढली होती. मला तिथंच अंगणात मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग पाळी काहून नाई सोडली काकू? मले तरी सांगाचं."

"काय म्हनून सोडू? जाऊ बसते ना तिथं. मी सुतक धरलं हे तिले समजलं तं सांजवरी ह्यांले समजते. मंग ह्या घरात काय होईल, तुले सांगाले पायजे काय?" मग ती म्हणाली, "आन येनं बंद करवत नाई. तुमी पुस्तक वाचता ना, तेवढा वेळ डोकं हलकं राहते."

मी रडायला लागले तर तिनंच मला गप्प केलं. आवाज बाहेर जाईल म्हणून. मी म्हटलं, पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर तुमची माफी मागते. तिनं ओल्या हातानं माझं मनगट धरलं.

"काई मांगू नोको. माफी कायची म्हनून विचारतीन तं काय सांगशीन? लबाड म्हनू दे मले. त्यानं काई होत नाई."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. माझा भाऊ आसगावहून आला. त्याचा आवाज असा, की वावरात उभा राहून बोलतोय असं वाटावं. मी त्याला दोनदा हळू बोल म्हटलं. "काहून, कोन झोपलं हाये?" तो विचारत होता. त्याला ओवाळताना मी भिंतीकडे बघत होते. पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज येत होता.

त्यानंतरच्या बैठकीला काकू येणार नाही असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर ती आली नसती तर मला बरं वाटलं असतं. ती आली, नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी पाळी तिच्या जावेची होती. तिनं केक मांडला, सुरी घेतली, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

"मॅडम, तपासून घ्या. घरचाच हाये, काकूसारखा नाई."

सगळ्या हसल्या. मग माझ्याकडे बघत थांबल्या, कारण हा विनोद मीच सुरू करून दिला होता आणि तो पुढे नेणं माझ्याकडेच होतं. काकूही माझ्याकडे बघत होती. एक वाक्य बोलले असते तर तिचं नाव धुऊन निघालं असतं, आणि त्याच वाक्यानं तिचं घर पेटलं असतं.

मी हसले. चांगली मोठ्यानं हसले. काकूनं मला हळूच मान हलवून बरोबर केलंस असं सांगितलं, आणि तिच्यासाठी मला आता एवढंच करता येणार होतं, तिच्यावर हसणं.