कान्यूटची भूक

कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावरच्या आमच्या गावात एक कुजबुज बारा वर्षं चालू होती. एथेल्डाचा मेलेला नवरा कान्यूट दर मे महिन्यात तिच्या स्वप्नात येतो, खाटेच्या कडेला बसतो आणि खायला मागतो. पहिल्या वर्षी कोंबडी मागितली, दुसऱ्या वर्षी कोंबडा आणि रम, मग थेट बोकडावर आला. जिवंतपणी हा माणूस इतका अबोल, की अरुबाच्या तेल कारखान्यात नऊ वर्षं काढून परतला तेव्हा बायकोला एवढंच म्हणाला, "तिकडे ऊन फार." मेल्यावर त्याला वाचा फुटली, असं बायका पाण्याच्या टाकीवर म्हणत.

मेलेल्याने स्वप्नात जेवण मागितलं तर आमच्याकडे ते घालावंच लागतं. सगळं गाव जेवतं, ढोल वाजतो. आणि पेरणीच्या दिवसांत जेवलेला माणूस दुसऱ्या सकाळी यजमानाच्या शेतात कुदळ घेऊन हजर होतो. एरवी एकाने दुसऱ्याचं शेत खणावं आणि दुसऱ्याने फेड करावी अशी रीत. पण एथेल्डाचा उजवा गुडघा कामातून गेलेला, मुलगे इंग्लंडात. फेड करणार कोण? मेलेल्याच्या नावाने जेवलेल्याला मात्र फेड मागता येत नाही.

तिचं पाऊण एकर डोंगराच्या उतारावर होतं आणि ते कान्यूटच्या घराण्याचं. पेरील त्याची जमीन. एक वर्ष पडीक राहिली, की दुसऱ्या नातलगाने खुशाल घ्यावी.

तो दुसरा नातलग म्हणजे नणंद फिलोमेन. पीक निघाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत बेटावर गुरं मोकळी सोडतात. तेवढ्या दिवसांत फिलोमेनच्या तीन गायी एथेल्डाच्या उतारावर चरून तो आपलाच समजू लागल्या होत्या. गायींचं बघून फिलोमेनलाही तसंच वाटू लागलं.

त्या वर्षी गुरं बांधायची दवंडी झाली आणि एथेल्डाने नेहमीप्रमाणे स्वप्न जाहीर केलं. रविवारी चर्चबाहेर नणंदेने गाठलं.

"वहिनी, काल दादा माझ्याकडे आला होता."

"तुझ्याकडे? वाट चुकला असेल."

"म्हणाला, एथेल्डाला सांग, ढोल ऐकून कान किटले. यंदा जमिनीला विसावा दे आणि मलाही."

एथेल्डा हसली. माणूस एक, स्वप्नं दोन. निवाडा होईपर्यंत कोणी कुदळीला धार लावेना. आणि आठवडाभरात मका पेरला नाही तर त्या उतारावर उगवणार ते गवतच.

निवाडा म्हातारा सायलस करणार होता. त्याच्या ढोलाशिवाय गावात कोणालाही जेवू घालता येत नसे, मग तो जिवंत असो की मेलेला. त्याच्या अंगणात चिंचेखाली सगळे जमले.

"एथेल्डा, काय मागितलं त्याने?"

"बोकड. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला कूकू, तुरीचे दाणे घालून. बस."

"आणि तुझ्याकडे, फिलो?"

फिलोमेनला तेवढ्यावर थांबता येईना. "निळा शर्ट घातला होता, पापा सायलस. थकलेला दिसला बिचारा. मी खारवलेला मासा पुढे केला. दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागून घेतला."

ढोलाच्या कातड्यावर फिरणारा सायलसचा हात थांबला. मेलेल्यांचं ताट वेगळं आणि अळणी शिजवतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मीठ पोटात गेलं की मेलेला जड होतो, त्याला परत जाता येत नाही.

"फिलो," सायलस म्हणाला, "तुझ्या घरी जो कोणी तीन तुकडे मासा खाऊन गेला, तो जिवंत होता. नाव सांगायचं की नाही, तुझं तू बघ."

"निळा शर्ट कोणाकडे आहे गं?" मागून एक बाई म्हणाली.

"होता तो माझ्याकडे," दुसरी म्हणाली. "दोरीवरून गेला."

लोक हसून हसून वाकले. दोन पुरुष निळे शर्ट घालून आले होते, ते मात्र चिंचेच्या बुंध्यामागे सरकले.

गुरुवारी बोकड कापला. सायलसने अंगणाच्या चारी कोपऱ्यांत पाणी आणि रम शिंपडली, ढोल वाजले. फिलोमेन आली, दोन ताटं जेवली.

"मीठ घालू का गं वरून?" एथेल्डाने विचारलं.

"घाल. मी अजून मेले नाहीये."

शुक्रवारी उजाडता उजाडता उतारावर सव्वीस कुदळी होत्या, त्यांत एक फिलोमेनची. जेवून तोंड लपवलं असतं तर गावाने वर्षभर सोडलं नसतं. दुपारपर्यंत पाऊण एकर खणून झालं. एथेल्डा दगडावर पाय लांब करून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बी देत राहिली, एका खड्ड्यात मका आणि तूर. पाय ठणकत होता. तरी ती गुणगुणत होती.

कान्यूट एथेल्डाच्या स्वप्नात कधीच आला नाही. बारा वर्षांत एकदाही नाही. तिला कुदळी हव्या होत्या.