रहमतुल्लाभाईंची हरकत

अकोल्याहून अमरावतीकडे निघालं की सांगवी फाट्यावर, रस्त्याला लागूनच, रहमतुल्लाभाईंचं गादीघर लागत असे. पुढे पत्र्याची सावली, मागे कापूस पिंजायचं यंत्र आणि मध्ये, भुवयांपर्यंत कापसाचे तंतू चिकटलेले, बासष्ट वर्षांचे रहमतुल्लाभाई. अर्धवट भरलेल्या गादीवर ते असे बसत, की वाटावं दरबार भरलाय आणि महाराज आता आज्ञा करणार. पण या महाराजांच्या वाट्याला संवाद एकच आला होता : "काही हरकत नाही."

गिऱ्हाईक सांगितल्या दिवशी गादी न्यायला आलं नाही, काही हरकत नाही. एसटीची वाट पाहणारी माणसं सगळी सावली अडवून बसली, त्यांच्यातल्या कुणाची शेळी आत शिरून रजईवर बसली, तरी काही हरकत नाही.

हे वाक्य त्यांना शाळेत सापडलं होतं. घरात बोलणं उर्दूचं आणि तिथे हरकत म्हणजे खोडी. दुसरीत असताना वर्गातला फळा फुटला. गुरुजी छडी घेऊन आले, तेव्हा छोट्या रहमतुल्लाने हात जोडून सांगितलं, "गुरुजी, काही हरकत नाही." त्याला म्हणायचं होतं, मी खोडी केलेली नाही. गुरुजींना ऐकू आलं, फळा फुटला तर फुटला, एवढं मनावर घेऊ नका. गुरुजी इतके हसले की छडी हातातून सुटली. ज्या शब्दांनी मार टळतो ते शब्द माणूस जन्मभर जपतो. रहमतुल्लाभाईंनी ते अर्धशतक जपले.

ही गोष्ट घडली ती वर्षं वऱ्हाडाला जड गेली. कापूस घरात येई, भाव काही येत नसे. लग्नातसुद्धा नवी गादी भरायची माणसं थांबली. जुनीच घेऊन येत, "चाचा, फिरून पिंजून द्या," म्हणत. चाचा पिंजून देत. वर आपल्याकडचा मूठभर चांगला कापूस घालत आणि ते कुणाला सांगत नसत.

रस्ता चार पदरी झाला होता, तरी फाट्यावर गाड्या तुंबायच्या त्या तुंबायच्याच. हंगामात कापसाचे ट्रक, एसटी, बैलगाड्या आणि टेम्पो असे काही अडकत, की ड्रायव्हर खाली उतरून भाईंच्या सावलीत पान लावीत.

अशाच एका दुपारी रस्त्याचं काम घेतलेल्या कंपनीची जीप थांबली. इस्त्रीच्या शर्टातला एक गोडबोल्या साहेब उतरला. गादीवर बसला, चहा प्याला, भाईंच्या कामाची तारीफ केली.

"चाचा, ही गर्दी कमी करायचं आमच्या मनात आहे. तुमची काही हरकत?"

"काही हरकत नाही."

"मग इथे एक सही."

पोस्टमनच्या वहीत करावी तशी भाईंनी सही केली. कागद तीन पानी होता. साहेब सलाम करून गेला.

पंधरा दिवसांनी रस्त्यापलीकडचा सहदेव आला. झेंडू आणि शेवंती पिकवणारा हा माणूस रोज पहाटे फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात जायचा आणि येताना भाईंकडे बसायचा. त्या दिवशी तो बसला नाही.

"चाचा, आमाले विकलं का फुकटात देल्लं?"

"काय झालं बाप्पा?"

"चार पट्ट्यांतल्या मधल्या दोन कंपनी घेऊन राह्यली. टोल भरा अन् सुसाट जा. बाकी सारे काठच्या एकेका पट्टीत. एसटी तिथं, बैलगाडी तिथं, दवाखान्यात चाललेली बाई तिथं, माही फुलं तिथंच. मधात लोखंडी कठडा येनार. आठ किलोमीटर रस्ता ओलांडाले जागा नाई. तुमच्या दुकानात याले-जाले मले सोळा किलोमीटरचा फेरा."

"अन् मी काय केलं?"

"तुमी सही केली. तो साहेब तुमचा कागद दाखवत गावोगाव फिरून राह्यला. सात गावच्या लोकाइनं सह्या ठोकल्या. म्हणे, रहमतुल्लाभाईनं केली तं मंग वाचाचं काय काम? आता गुरुवारी अकोल्यात सुनावणी हाय."

भाईंच्या हातातला दाभण तसाच राहिला.

गादीच्या आत काय भरलंय हे कुणी उसवून पाहत नाही. भरणाऱ्याच्या शब्दावर माणसं त्यावर झोपतात, लेकीबाळींना झोपवतात. भाईंची सगळी इस्टेट ती एवढीच. साहेबाने नेमकी तीच उचलून नेली होती आणि तिच्या आत भलतंच भरलं होतं.

रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. हलीमाबी रजईला टाके घालता घालता नवऱ्याकडे पाहत होत्या.

"जुम्मेरात को अकोले में सुनवाई है ना? जाके बोल दो, हरकत है."

"पचास साल में कभी बोला नहीं, हलीमा."

"बाल पक गए, अब मियाँ हरकत करने चले," त्या हसून म्हणाल्या. "करो. मैं धुला कुर्ता निकाल देती हूँ."

गुरुवारी अकोल्याच्या सरकारी सभागृहात गर्दी मावत नव्हती. वर टेबलामागे सुनावणीचे अधिकारी, बाजूला कंपनीचा तोच साहेब. नाव पुकारलं गेलं आणि भाई उठले. पडदा वर जातो आणि तोंडपाठ वाक्य पोटात कुठेतरी दडून बसतं, तशी त्यांची गत झाली. अंगावर पांढराशुभ्र कुर्ता, भुवईवर मात्र कापसाचा एक तंतू तसाच.

अधिकाऱ्यांनी कागद चाळला. "काका, तुमची हरकत नाही असं तुम्ही लेखी दिलं आहे. ही सही तुमचीच ना?"

"माहीच हाय, साहेब."

"मग आता काय सांगायचं आहे?"

भाई टेबलाजवळ सरकले.

"साहेब, एसटीत कोणी पायावर पाय ठेवला तरी मी काही हरकत नाही म्हणतो. याचा अर्थ असा नाई का त्यानं अमरावती येईपर्यंत पाय तिथंच ठेवावा."

सभागृह हसलं. अधिकारीही हसले. कंपनीच्या साहेबाने मान खाली घातली आणि कागद सारखे करू लागला.

"गर्दी कमी करतो म्हणले, म्हणून सही केली," भाई पुढे बोलले, आणि आता आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. "हे गर्दी कमी नाई करून राह्यले. गर्दी आमाले देऊन राह्यले अन् मोकळा रस्ता पैशेवाल्याले. माह्या भरोशावर सात गावानं सह्या केल्या. चूक माही हाय, त्याइची नाई. मी माही सही वापस घेतो. मले हरकत हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमालेही हाय." मग सातही गावांची माणसं उभी राहिली.

पुढे त्या आठ किलोमीटरपुरता टोलच्या पट्ट्यांचा बेत मागे घेतला गेला. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक असणार? त्या दुपारी कारकुनाने भाईंचं म्हणणं लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला.

"पयले वाचून दाखवा," भाई म्हणाले.

कारकून वाचू लागला, "अर्जदाराची सदर प्रकल्पास अंशतः हरकत..."

"अंशतः म्हंजे?"

"म्हणजे थोडीशी."

"थोडीशी नाई. पुरी लिवा."

कारकुनाने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. शब्द खोडला गेला, पुन्हा वाचला गेला आणि तेव्हा कुठे भाईंनी सही केली. मागे सहदेव घाईत होता, त्याने पेन घेतलं आणि स्वतःच्या हरकतीच्या कागदावर टेकवलंसुद्धा. भाईंनी त्याचा हात धरला.

"आधी वाच, लेका."

"तुमी वाचलं ना, चाचा."

"मी माहा वाचला. हा तुहा हाय."

सहदेवने वाचला. त्याच्यामागच्या माणसानेही वाचला, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी कारकुनाकडून एकेक ओळ म्हणवून घेतली. सात गावांचं ते वाचन संध्याकाळी साडेसहापर्यंत चाललं, आणि रहमतुल्लाभाई शेवटची सही होईपर्यंत टेबलाशेजारी ताठ उभे होते.