चार वीत मागे

काडीकाकांनी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या घडवल्या. पाटीवर नाव दंतवैद्याचं, आणि कवळी करणारा मागच्या खोलीत, प्लास्टरच्या धुळीत. लोक आरशात हसून बघत आणि आभार डॉक्टरांचे मानत. काकांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण त्यांचा जीव दुसरीकडेच अडकला होता: हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, छोट्या आगगाड्यांच्या क्लबात.

तिथलं यार्ड त्यांनी आणि मुलाने मिळून उभारलं होतं, मुलगा कॉलेजात होता तेव्हा. प्लायवूडवर नऊ रूळ आणि बोटभर लांबीचे डबे. गाडी पळवायला सगळेच पुढे. डबे सोडवायचं किचकट काम मात्र काकांचं. दोन डब्यांचे हूक एकमेकांत अडकलेले असतात. इंजिनाने गाडी केसभर मागे ढकलली की त्यांना ढील पडते. त्या ढिलीत बांबूची चपटी काडी घालायची आणि पाव वळसा द्यायचा. ढील नसताना जोर केला, तर डबा रुळावरून उतरलाच म्हणून समजा. पंधरा वर्षांत काकांच्या हातून एक डबा उतरला नव्हता. अलीकडे चहाचा कप बशीत वाजायचा, पण काडी हातात आली की हात दगडासारखा स्थिर. काडी कायम शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी. "काय काका, आज कुणाच्यात काडी घातलीत?" हा विनोद दर रविवारी व्हायचा आणि काका दर रविवारी हसायचे.

मग मुलगा क्लबाचा सेक्रेटरी झाला आणि त्याच्या डोक्यात चुंबकाने घर केलं. रुळाखाली चुंबक बसवायचं, डब्यांखाली तारेची बारीक शेपटी लावायची. ढिली पडलेली गाडी चुंबकावर आली की हूक आपोआप सुटतात. कुणाच्या हाताची गरज नाही. कुणाच्या म्हणजे कुणाच्या, हे सगळ्यांना कळत होतं.

मुलाने चुंबक यार्डात उतरणाऱ्या उताराच्या पायथ्याशी बसवलं. काका वाकून बघत राहिले.

"इथे नको रे. उतारावर डबे एकमेकांवर रेलतात, ढील आपसूक पडते. धावती गाडी तोडेल हे. चार वीत मागे घे, सपाटीवर."

"बाबा, मी मोजूनमापून केलंय. तुम्ही बसा बरं."

प्रदर्शनाच्या दिवशी काकांना खरंच बसवलं. खुर्ची दिली, छातीवर 'सल्लागार' असा बिल्ला लावला. हॉल माणसांनी फुलला होता. क्लबाच्या अध्यक्षांनी आपलं लाडकं पितळी इंजिन काढलं, जे ते एरवी कुणाला पुसूही देत नसत, आणि त्यामागे चौदा डबे जोडले. गाडी निघाली, उतार उतरली, आणि शेवटचे सहा डबे गपचूप मागे राहिले. इंजिन आठ डबे घेऊन ऐटीत पुढे गेलं. लोक इंजिनाकडे बघत होते. मागे काय राहिलं ते बघितलं फक्त काकांनी.

वाट गोल होती. इंजिन फेरी मारून त्याच डब्यांवर येणार, हे त्यांना लख्ख दिसलं. काका खुर्चीतून उठले, कठड्यावरून झेपावले आणि डबे उचलायला त्यांनी रुळावर हात घातला. गाडी चालू असताना रुळावर हात घालायचा नाही, हा क्लबाचा पहिला नियम. तो काकांनीच घातलेला. दोन डबे त्यांच्या मुठीत आले. उरलेल्या चारांवर इंजिन आदळलं आणि टेबलावरून खाली फरशीवर पडलं.

अध्यक्षांनी चेपलेलं इंजिन उचललं. काकांचा हात अजून रुळावरच होता, आणि खिशातून काडी डोकावत होती.

"डबे सोडवले कुणी?" अध्यक्षांनी विचारलं.

काकांनी मुलाकडे बघितलं. मुलाने आधी उताराच्या पायथ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. काकांनी ते त्याच्या तोंडावर वाचलं.

"बाबांना राहवत नाही हो," मुलगा म्हणाला. "जुनी सवय. आणि हात आता पूर्वीसारखा राहिला नाही."

घरी परतताना काकांनी एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं ना?"

"बाबा, तुम्हाला वय झालं म्हणून सोडून देतील. मला कोण सोडेल?" आणि मग, जरा मायेनेच, "ती काडी द्या इकडे. कुणाच्या डोळ्यात जायची."

काकांनी दिली. पोटच्या पोराशी भांडून त्याला चार लोकांत उघडं पाडणं त्यांना जमलं नाही, आणि आपल्याला ते जमणार नाही हे पोराला पक्कं माहीत होतं, याचीच त्यांना जास्त चीड आली.

पुढच्या रविवारी भिंतीवर नवा कागद होता, मुलाच्या सुबक अक्षरात: डबे हाताने सोडवू नयेत. गाडी उतार उतरली, एकसंध पुढे गेली, सपाटीवर येऊन थांबली, केसभर मागे सरकली, आणि हवे तेच डबे अलगद सुटले. अध्यक्षांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! नेमकी जागा शोधलीस." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर ते मुलाच्या कानाशी गेले.

"चार वीत ना?"

"साडेतीन," मुलगा रुळावरची नजर न काढता म्हणाला. "चार जास्त झाली असती."