पायरीवरच्या बाई

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कुणाचं, असं विचारलं तर मी कदम बाईंचं नाव घेईन. सणसरच्या आमच्या शाळेत त्या सातवीला शिकवायच्या. शाळा सुटली की व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर पाव तास उभ्या राहायच्या. हातात छडी नाही, पुस्तक नाही. ज्याच्या हातून काही वाईट घडलं असेल, त्यानं तिथं येऊन सांगायचं. सांगितलं की मार नाही, रागावणं नाही. मात्र ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाऊन स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. बाई सोबत यायच्या. "बोलायचं तू. मी शेजारी उभी राहते," एवढंच म्हणायच्या.

कारखान्याकडे चाललेल्या ट्रॉलीतून ऊस ओढणं हा आमच्याकडे पोरांचा खेळच. तरी माझ्या वर्गातल्या सुनीलनं ते पायरीवर येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई त्याला घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि तोच ट्रॅक्टर हात करून थांबवला. सुनील रडत रडत बोलला. ड्रायव्हर हसायला लागला. "अवं बाई, एका उसानं ट्रॉली रिकामी हुती व्हय? हाणायचे दोन रट्टे आन सोडायचं!"

"तुमच्या ट्रॉलीची मला काळजी नाही. याची आहे," बाई म्हणाल्या.

ड्रायव्हरनं खाली उतरून एक चांगला लांब ऊस उपसला. "घे मर्दा. आता कसं, मागून घेतल्यागत झालं!" बाईंनी तो सुनीलला खाऊ दिला.

पायातल्या चपलेला सेफ्टी पिन लावून त्या अशा किती बांधांवरून हिंडल्या असतील. गावातली माणसं चेष्टा करायची. "बाई, पोरं बिघडवताय तुमी. खरं बोलून पोट भरत न्हाय." बाई त्यावर हसायच्या आणि पुढं चालायला लागायच्या.

सातवीत असताना मधल्या सुट्टीत मी एकटाच कॅनॉलमधून रानात पाणी नेणाऱ्या चारीवर गेलो होतो. पाणी कसं उसळतं ते बघायला चारीचं लोखंडी दार उचललं. ते पुन्हा खाली बसेना. मी घाबरून पळालो. ते पाणी गावातल्या तात्यांच्या रानात शिरलं आणि काढून वाळत घातलेला सगळा कांदा भिजला. शेजारचं रान त्यांच्या धाकट्या भावाचं, बापूंचं. त्या दिवशी चारीतून पाणी घ्यायची पाळी बापूंची होती.

"आईची शपथ तात्या, मी दाराला हात लावला न्हाय," बापू बांधावर उभं राहून सांगत होते.

"मग दार काय कुत्र्यानं उचाललं?" तात्या ओरडले. त्या दिवसापासून दोन्ही भावांचं बोलणं बंद झालं.

मी वर्गात परतलो तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "पँट कशानं भिजली, दत्ता?"

"पाय घसरला, बाई."

"बरं. मी पायरीवर आहे."

माझे वडील तात्यांच्याच रानात मजुरीला होते. मी पायरीवर गेलो नाही. त्यानंतर पंधरा दिवस बाई पाव तासाऐवजी अर्धा तास उभ्या राहिल्या. मी मागच्या कुंपणातून घरी जात होतो.

पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही आणि माया कमी केली नाही. बारावीनंतर वडील मला कामाला लावणार होते, तेव्हा बाई मला बारामतीच्या कॉलेजात घेऊन गेल्या. खिडकीपाशी म्हणाल्या, "फॉर्म तू भर. मी शेजारी आहे." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्या फॉर्ममुळे झालो. आज लोणी देवकरच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. हाताखालचा कामगार चूक लपवायला लागला, की मला माझी ओली पँट आठवते आणि रागावता येत नाही.

चारीच्या त्या प्रकारानंतर बावीस वर्षांनी बापू वारले. मी त्यांच्या रानात मातीला गेलो. तात्या बांधापर्यंत आले आणि तिथंच थांबले. पुढं पाऊल टाकलं नाही. तिकडं पाहण्याची माझी हिंमत झाली नाही.

पंधरा दिवसांनी मी बाईंना पत्र लिहिलं. त्या बारामतीला मुलाकडे अंथरुणावर होत्या. त्यांच्या सूनबाईंनी पत्र वाचून दाखवलं. बाईंनी ते उशाखाली ठेवायला सांगितलं. महिनाभरानं त्या गेल्या. पत्र असं होतं:

आदरणीय बाईंना, दत्ताचा नमस्कार.

त्या दिवशी माझा पाय घसरला नव्हता. चारीचं दार मी उचललं होतं. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं, असं मला वाटतं.

बापू गेले. दहावा झाल्यावर मी तात्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. बापूंच्या रानाकडे वळले. मग म्हणाले, "आरं, आदी सांगायचं व्हतं की. आता मी कुणाला हाक मारू?"

मी सवयीनं शेजारी पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

तुमचा,
दत्ता