आखाजीतला कडुनिंब
आमच्या शहाद्याच्या अंगणात कडुनिंबाच्या मोहोराचा कडसर-गोड वास सुटला, की मला ती पाहणी आठवते. गाडीसाठी शेड बांधायची होती आणि कडुनिंब नेमका मध्ये येत होता. तो तोडायच्या परवानगीसाठी मी नगरपालिकेत रीतसर अर्ज केला. त्यांनी खोडावर नोटीस डकवली, कोणाची हरकत असेल तर कळवावी. गल्लीत माझ्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. मी निर्धास्तपणे शेडचे पत्रेसुद्धा आणून ठेवले. नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले ते अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आमच्या आखाजीच्या तोंडावर. गल्लीतल्या लेकी सासरहून आल्या होत्या आणि दरवर्षीसारखा झोका आमच्याच कडुनिंबाला बांधला होता. त्यावर शेजारची आत्या, नातवंडं झालेली, उभी राहून गाणं म्हणत होती. साहेबांनी सवयीने विचारलं, "कोणाची हरकत?" "मन्ही शे," आत्या झोका न थांबवता म्हणाली. मी हसलो. "आत्या, झाड मन्हा आंगनमा शे." "आंगन तुन्हंच शे रे भाऊ, पन मंग आम्ही झोका कोठे बांधाना?" झोका थांबला. सगळ्या लेकी माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मी अर्ज मागे घेतला, तोही चढ्या आवाजात, जणू माझं आधीपासून तेच ठरलं होतं. गाडी अजून रस्त्यावर उन्हातच असते. यंदा माझी मुलगी लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आली. बॅग ओट्यावर टाकली आणि घरात पाऊल ठेवायच्या आधी झोक्याचा दोर ओढून पाहिला.