अक्काच्या बांगड्या आणि हौदातला शिंगाळा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असणार तरी कसा? धुळ्यापासून नशिराबादपर्यंतची निम्मी भुतं मीच पैदा केलेली — पारावर बसून, पान चघळत! तरी ही एक गोष्ट...

मानमोडीच्या तापाच्या साथीचं वर्ष. माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्यात पांझरेच्या काठी राहायची. भाऊजी कापसाच्या जिनात फिटर. त्यांनी परसातल्या दगडी हौदाच्या एका भिंतीत दुकानाची जुनी काच बसवून आत तापीतला शिंगाळा पाळला होता. बिनखवल्यांचा मासा, सदा तळाशी लोळणारा. लांबी? पाळण्यात निजवला तर शेपूट शिंदखेड्याला पोचेल. मिशा अशा, की जमादारानं उठून सलाम ठोकावा. संध्याकाळी अक्का कणकेचे गोळे घेऊन पाण्यावर हात धरायची. बांगड्या किणकिणल्या की तो वर यायचा. दुसऱ्या कुणाला दाद देत नसे.

त्या तापात भाऊजी गेले. नदीवर जायला अंगात त्राण असलेलं घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून दहाव्याला बायकांनी अक्काच्या बांगड्या हौदाच्या कडेवरच फोडल्या.

तेव्हापासून शिंगाळा तळ सोडीना. गोळे पाण्यात विरून जायचे. मी गांडुळं टाकली, विनवण्या केल्या. शेवटी बायकोच्या बांगड्या हातात चढवून वाजवल्या — शेजारी हसून लोळले, माशानं मिशीसुद्धा हलवली नाही.

अक्कानंही ताट सारलं. "तो जेवी तवय मी जेवसू, भाऊ." बस, एवढंच. दिवसेंदिवस तिची नुसती हाडं उरली.

आणि एका संध्याकाळी... किणकिण. अक्का पाण्यावर हात धरून उभी, मनगटं उघडी. शिंगाळा वर आला, गोळा घेऊन गेला. त्या रात्री अक्का अर्धी भाकरी जेवली.

मी म्हटलं, तळाशी बांगड्यांच्या फुटक्या काचा पडल्यात, तोच हलवत असणार. पोट फाटायचं त्याचं! त्याला घंगाळात ठेवलं, हौद उपसला, तुकडा न् तुकडा वेचून पांझरेत टाकला. अक्का नुसती बघत राहिली. तेव्हा कुठं मला धसका बसला — आता आवाज बंद झाला तर?

दुसऱ्या संध्याकाळी तिनं हात धरला. मी काचेला कान लावला. पाणी गप्प. किणकिण झाली ती वर, तिच्या उघड्या मनगटाशी, माझ्या डोळ्यांदेखत. शिंगाळा आला.

माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तुले बी ऐकू उनं?"

मी हो म्हटलं. माझ्यावर लगेच विश्वास ठेवणारं माणूस जन्मात तेवढंच भेटलं.

आता अक्का नाही, शिंगाळाही नाही; हौद कोरडा पडलाय. उलगडा मात्र आजही होत नाही. पारावर सांगतो तर पोरं म्हणतात, आबा, ही थाप काही जमली नाही. खरंय. रचायचीच असती, तर नुसत्या बांगड्या कशाला... भाऊजींनाच परत आणलं असतं.